तळ्याकाठची घंटा

१९७३ सालचा फाल्गुन. बार्शीच्या आमच्या घराच्या परसात मी तळ्याच्या काठाला बसून पाण्यात पडलेली कडुनिंबाची पानं वेचत होते, आणि मागच्या ओट्यावर खुर्चीत बसलेल्या तात्यांनी घंटा वाजवली. दोनदा.

दोनदा म्हणजे नाही.

“हे नको काढू?” मी हातातला शेवाळाचा झुपका वर धरून विचारलं.

एकदा. एकदा म्हणजे हो.

“पण घाण दिसतंय, तात्या.”

पुन्हा दोनदा, जरा जोरात. मग त्यांनी घंटा धरलेल्या डाव्या हाताचंच एक बोट पाण्याकडे केलं आणि तोंड माशासारखं उघडलं, मिटलं, उघडलं.

“पिल्लं? यात पिल्लं लपतात?”

एकदा.

मला हसू आलं. झुपका मी हळूच परत पाण्यात सोडला. तात्यांचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा दिवाळीपासून हलत नव्हता.

“हसा,” स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाल्या. “दोघंही हसा. गाव घागरी घेऊन रांगेत उभं आहे, आणि होनराव वकिलांच्या सुनेला माशांची बाळंतपणं करायचीत.”

माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या बोलण्याला मी घाबरत असे. लग्न होऊन मला वर्षही झालेलं नव्हतं. मी कोकणातली, दापोलीकडची. माहेरी घरामागेच पाणी, पायाखाली पाणी, भिंतीतून पाणी. बार्शीच्या त्या कोरड्या, पांढऱ्या उजेडात उतरले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मला श्वास घेतल्यासारखंच वाटेना. त्या घरात माझ्याशी गोड बोललं ते एकच माणूस, माझे सासरे, तात्या. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला परसात नेलं आणि म्हणाले, “सूनबाई, या घरात पाणी कळणारं कुणी नव्हतं. आता तू आलीस.”

तळं त्यांनी स्वतः बांधून घेतलेलं. गोल, मधोमध कमरेइतकं खोल, कडेला उथळ पायरी. तरुणपणी एका संस्थानिकाच्या खटल्यासाठी गेले असताना त्यांनी राजवाड्यात तसलं तळं पाहिलं होतं, ते डोक्यात राहिलं. त्यात कलकत्त्याहून मागवलेली निळी कमळं होती, मुंबईहून डब्यातून आणलेले सोनेरी मासे होते, आणि कुठून कुठून आपापले आलेले बेडूक. दिवाळीपर्यंत त्यांनी मला सगळं शिकवलं. पाणी कधी सगळं बदलायचं नाही, जुनं निम्मं तरी राहू द्यायचं. उन्हं तापायला लागली की पाणी हिरवं होतं, तेव्हा घाबरायचं नाही. कमळाची पानं पसरली, निम्म्या पाण्यावर सावली धरली, की ते आपलं आपण निवळतं. कंद होळीच्या सुमाराला सोडवायचे, कुजका भाग कापून पुन्हा मातीत बसवायचे. बेडकांना बाहेर पडायला काठाशी वीट ठेवायची. माशांना थंडीत फारसं घालायचं नाही, ऊन वाढेल तसं वाढवायचं, आणि घातलेलं ते चटकन खाऊन संपवतील एवढंच. मी एकेक गोष्ट मन लावून ऐकत असे. मला वाटे, मासोळीला एवढं जपणारा माणूस माणसाला किती जपत असेल.

मग दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, अंघोळीला बसले असताना त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. कोर्ट गाजवणारा आवाज, त्याच्या जागी घशातली एक घरघर उरली. मुकुंदाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, देवघरातली छोटी पितळी घंटा आणून त्यांच्या डाव्या हातात दिली.

“देवाची घंटा?” माई म्हणाल्या होत्या.

“काही लागलं तर बोलावतील कसे, आई?”

“आजवर कुणाला बोलवायला त्यांना घंटा लागली नाही,” एवढं बोलून माई आत गेल्या.

एकदा हो, दोनदा नाही, सारखी वाजली म्हणजे तळ्याचं काहीतरी. ही खूण आम्हा दोघांत ठरली. माईंनी ती कधी शिकून घेतली नाही. त्या त्यांना भरवत, पुसत, कपडे बदलत, कूस बदलवत. अंगावर कधी एक फोड येऊ दिला नाही. पण हे सगळं करताना त्या एक शब्द बोलत नसत, त्यांच्याकडे बघतही नसत. आणि घंटा फार वाजायला लागली की खुर्चीची पाठ धरून ती अख्खी फिरवत. मग तात्या तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून बसलेले असत.

“माई, असं नका ना करू,” मी एकदा धीर करून म्हटलं.

“कसं?”

“त्यांना तळं तरी बघू दे. दुसरं काय राहिलंय त्यांना?”

माईंनी माझ्याकडे पाहिलं. “दुसरं काय होतं?” असं म्हणून त्या डाळ निवडायला बसल्या.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. माघ संपता संपता नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं, तेही करंगळीएवढं. आमच्या परसातल्या आडाला अजून पाणी होतं, पण ते इतकं खाली गेलं होतं की पोहऱ्याच्या दोराला दुसरा दोर जोडावा लागला. भांडी घासणारी सखू आणि तिचा नवरा, जो बागेचं बघायचा, दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आणि तळं रोज थोडं थोडं उतरत होतं. उथळ पायरी उघडी पडली. कमळाची पानं देठावर अधांतरी राहून कडांना करपायला लागली. तात्यांची घंटा सकाळ-संध्याकाळ वाजायची.

“तू आडावर जायचं नाहीस,” माईंनी मला बजावलं. “सातवा लागेल आता. पाडवा झाला की तुझा भाऊ न्यायला येणार आहे. तोपर्यंत तुझी जबाबदारी माझ्यावर आहे.”

“मग तळ्यात पाणी कोण घालणार?”

“कुणी नाही.”

“मासे मरतील.”

“मरू देत.” हे त्या मोठ्याने म्हणाल्या, तात्यांना ऐकू जाईल असं. मग त्यांच्यापुढे जाऊन, त्यांच्या छातीवरचा टॉवेल नीट करत, पुन्हा म्हणाल्या, “मरू देत. तुम्ही बघा. डोळे शाबूत आहेत ना तुमचे?”

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माईंनी त्याच टॉवेलने ते पुसलं, जेवणानंतर तोंड पुसावं तसं.

त्या रात्री मी मुकुंदाला सांगितलं. तो कॉलेजात गणित शिकवायचा. घरातल्या कुठल्याही भांडणात तो वर्तमानपत्राच्या मागे असायचा.

“आईचा स्वभाव तसाच आहे,” तो म्हणाला.

“स्वभाव? आजारी माणसाला छळण्याला स्वभाव म्हणायचं?”

“सुलभा, मी त्यांचा एकुलता एक. लहानपणापासून दोघांच्या मध्ये बसून जेवलोय. या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात.” मग म्हणाला, “पण तात्यांना वाईट वाटेल असं काही करू नकोस हं. तुझ्यावर फार जीव आहे त्यांचा.”

म्हणून मी दुपारी जायला लागले.

दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की माई अंबाडा सोडत, केस मोकळे करून माजघरातल्या थंड फरशीवर आडव्या होत. अंबाडा सोडला म्हणजे झोप, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्या आडव्या झाल्या की मी अनवाणी परसात जाई. पोहरा सोडायचा, दोर हाताला कापत वर ओढायचा, कळशी भरायची, कमरेवर घेऊन तळ्यापर्यंत न्यायची आणि काठाला वाकून हळूहळू सोडायची, गाळ न ढवळता. पोटातलं बाळ दोराबरोबर वर सरकल्यासारखं वाटे. तात्या ओट्यावरून बघत. घंटा वाजवत नसत. माई उठतील म्हणून मुठीत दाबून धरत. एका कळशीनंतर मी थांबले, की त्यांचं बोट वर होई. अजून एक. मी हसून मान हलवे आणि अजून एक आणे. मला वाटे, आम्ही दोघं मिळून काहीतरी वाचवतोय.

एकदा शेजारच्या ताराकाकूंनी गडग्यावरून पाहिलं.

“काय गं सुलभा, मासे जेवले का?”

मी ओशाळले.

“नाही, म्हटलं विचारावं. आमच्याकडे ताटं राखेनं घासतोय, तुमच्याकडे मासे न्हातायत. पुढल्या जन्मी होनरावांच्या तळ्यात यावं म्हणते मी. सून म्हणून नको हो, मासा म्हणून!” असं म्हणून त्या हसल्या. मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली आणि हसू एकदम विझलं. “माईंना ठाऊक आहे का तू हे ओढतेस ते?”

“नाही. सांगू नका ना, काकू.”

त्यांनी ओट्यावरच्या तात्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “काय माणूस आहे,” असं काहीतरी पुटपुटल्या आणि आत गेल्या. मी ते माईंबद्दल असेल असं धरलं.

काकूंनी सांगितलंच असणार. दुसऱ्या दिवशी आडावर पोहरा होता, दोर नव्हता.

“दोर मी ठेवलाय,” माई भाकरी थापताना म्हणाल्या. “लागेल तेव्हा मी काढीन. पिण्याचं पाणी मी भरीन.”

तात्यांनी त्या दिवसापासून खाणं सोडलं. माईंनी घास तोंडाशी नेला की दात आवळत, खीर हनुवटीवरून ओघळे. तळ्यात माशांचे पाठीचे काटे दिसायला लागले होते. ते मधल्या खोलगट जागेत गोळा होऊन, तोंडं वर काढून उघडमीट करत. आणि तेवढ्यात, कशी कोण जाणे, एका कमळाला कळी आली. हिरवी, टोकाला निळसर. तात्यांनी ती माझ्याआधी पाहिली.

“माई, घोटभर तरी पाणी सोडू या,” मी अक्षरशः पाया पडले. “पाडव्यापर्यंत फूल उमलेल. ते बघून ते जेवतील. नाहीतर असे उपाशी…”

“राहू देत उपाशी.”

“मरतील ते!”

“नाही मरायचे. मी मरू देणार नाही.” माईंनी मला हाताला धरून उठवलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “सुलभा, तुला तो माणूस फार चांगला वाटतो ना?”

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला दोर सापडला. स्वयंपाकघराच्या दारामागे, खुंटीला. मी पाणी प्यायला उठले आणि समोरच दिसला. माजघरात माई डोक्यावर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून आडव्या होत्या. मी दोर उचलला.

ऊन इतकं होतं की आडाचा कठडा हाताला चटका देत होता. पहिली कळशी मी तळ्यात सोडली, तसे मासे त्या धारेखाली झुंबडले. तात्यांनी घंटा मुठीत धरलेली. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. दुसरी कळशी कमरेवर घेतली आणि वळले. आडाशी सांडलेल्या पाण्याचा चिखल झाला होता. पाय घसरला.

मी पोटावर पडले नाही, एवढं खरं. कूस आपटली, कोपर फुटलं. कळशी हातातून सुटून पुढे घरंगळली आणि आडवी झाली. पोटात एक कळ आली, खालून वर, मुठीत धरून पिळावं तशी. माझ्याने ओरडवेना.

तेव्हा घंटा वाजली. सारखी, जोरजोरात. मला वाटलं, देवा, तात्या माईंना बोलावतायत. त्यांना बोलता येत नाही, पण बोलावतायत. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं बोट कळशीकडे होतं. आडव्या कळशीतून पाणी भळभळ वाहून मातीत मुरत होतं, आणि ते त्या कळशीकडे बोट दाखवत घंटा बडवत होते. घशातून ती घरघर येत होती. चेहरा रागाने लाल झाला होता.

माई धावत आल्या. माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं. “कुठे दुखतंय? पाणी गेलं का अंगावरून? रक्त दिसतंय का? बोल, सुलभा, बोल.”

घंटा थांबली. आणि मग वाजली. दोनदा.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पुन्हा दोनदा वाजवली. मग बोट कळशीकडे नेलं, आणि एकदा.

ही नाही. ती.

माईंना ती खूण कधी शिकवलेली नव्हती. पण त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला काय कळलंय ते बघितलं, आणि त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही.

ताराकाकू नर्सबाईला घेऊन आल्या. नर्सबाईने पोट चाचपलं, कान लावला, म्हणाली, ठोका आहे, कळ ओसरतेय, पण आता हिने उठायचं नाही. मला मागच्या खोलीत खाटेवर निजवलं. खिडकी परसात उघडणारी. नर्सबाई गेली. काकू उशाशी बसल्या होत्या, माझा हात धरून.

खिडकीतून मी पुढचं सगळं पाहिलं.

माईंनी तात्यांची खुर्ची धरली आणि ओट्यावरून खडखडत खाली, परसात आणली. तळ्याच्या अगदी काठाशी नेऊन उभी केली. मग लुगड्याचा काष्टा आवळला आणि त्या तळ्यात उतरल्या. त्या पाण्यात माईंनी पाय घातलेला मी कधी पाहिला नव्हता. वाकून, गाळात हात घालून, त्यांनी तळाची खुंटी चाचपली. चिंध्या गुंडाळून ठोकलेली लाकडी खुंटी होती ती. ती काढली की पाणी भिंतीखालून केळींकडे जायचं. दोन्ही हातांनी हिसके देऊन त्यांनी ती उपटली.

तात्यांची घंटा सुरू झाली.

पाणी आधी गपचूप गेलं, मग शेवटी घोटघोट आवाज करत गेलं. मासे गाळात उताणे पडून फडफडायला लागले. सोनेरी अंगावर काळा चिखल. बेडूक विटेवरून उड्या मारून पळाले. कमळाची पानं एकावर एक कोसळली. कडुनिंबावर कावळे जमले, मग एक खाली आला, मग सगळे.

माई काठावर येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पोटऱ्यांवरून गाळ ओघळत होता. घंटा वाजतच होती. त्यांनी एकेक बोट सोडवून ती त्यांच्या मुठीतून काढून घेतली.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “आता ऐका. बावन्न सालचा चैत्र. आठवतो का? असाच दुष्काळ होता. गडी होता घरात, पण गड्याला मासे कळत नाहीत म्हणालात. ढवळेल म्हणालात, गाळ उठेल. मला आठवा होता. याच आडावरून मी ओढत होते, सकाळी आणि संध्याकाळी. तुम्ही याच खुर्चीत बसायचात, अजून एक, अजून एक म्हणत.”

तात्यांनी डोळे मिटले. माईंनी त्यांची हनुवटी धरून वर केली.

“उघडा. मी पडले तेव्हा तुम्ही उठलात. धावत आलात. मला वाटलं, मला उचलायला आलात. तुम्ही आधी कळशी उचललीत. उरलेलं पाणी तळ्यात नेऊन ओतलंत, हळूच, गाळ उठू नये म्हणून. मग माझ्याकडे आलात.”

माझ्या हातावरची काकूंची पकड घट्ट झाली. त्या रडत होत्या. त्या तेव्हाही शेजारीच होत्या.

“मुलगी होती,” माई म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत होती. तुम्ही कोर्टातून येईपर्यंत सुद्धा थांबली. तुम्ही कपडे बदललेत आणि कळी उमलली का ते बघायला गेलात. त्या कळीचं नाव, गाव, सगळं तुम्हाला पाठ होतं. तिचं बारसंही झालं नाही.”

कावळ्यांचा कालवा चालला होता. एक मासा अजून फडफडत होता. माईंनी तो उचलून तात्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांच्या स्वच्छ पांढऱ्या धोतरावर, आणि त्या हातपाय धुवायला निघून गेल्या. तात्या डाव्या हाताने तो धरायला बघत होते. तो निसटत होता. मग तो हलायचा थांबला.

संध्याकाळी मुकुंदा सायकल लावून परसात आला. रिकामं तळं, मांडीवर वाळलेला मासा घेऊन बसलेला बाप.

“आई! काय केलंस हे?”

“तळं धुतलं,” माई म्हणाल्या. “हात धू. जेवायला बस.”

तो बसला. मला आत येऊन काय झालं ते विचारलं, बाळ कसं आहे ते विचारलं, पण तळ्याचं त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही. त्या रात्री तात्या जेवले. माईंनी भरवलं, त्यांनी निमूट तोंड उघडलं.

पाडव्यानंतर भाऊ न्यायला आला. निघायच्या आधी मी माईंना विचारलं, “आधी का नाही सांगितलंत?”

त्या माझ्या पिशवीत लाडवांचा डबा ठेवत होत्या. “सांगितलं असतं तर खरं मानलं असतंस? तुला तो देवमाणूस वाटत होता.” डब्याचं झाकण दाबत त्या म्हणाल्या, “काही गोष्टी दाखवाव्या लागतात.”

हे वाक्य मला समजायला खूप वर्षं गेली.

माझी मुलगी दापोलीला, भर पावसात झाली. बारशाला माई एकट्या आल्या, एसटी बदलत, चिखल तुडवत. पाळण्यात घातलेल्या मुलीच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. मुकुंदाला बहीण नव्हती. माझ्या आईने तिच्या एका चुलत नणंदेला पुढे केलं. माई म्हणाल्या, “थांबा. आत्याच्या वतीने मी सांगते.” पाळण्यावर वाकल्या आणि क्षणभरही न अडखळता त्यांनी नाव सांगितलं. वसुधा. ते नाव कधीचं तयार होतं, हे तिथे फक्त मला कळलं.

तात्या त्यानंतर तीन वर्षं जगले. माईंनी त्यांना मरू दिलं नाही, बोलल्या होत्या तसंच. दर वर्षी फाल्गुन-चैत्रात कोरड्या तळ्यात, त्या घासून लख्ख केलेल्या गोल फरशीवर, त्या वाळवणं घालत. पापड, कुरडया, लाल मिरच्या. तात्यांची खुर्ची काठावर आणून ठेवत. कावळे हाकलायला एक काठी त्यांच्या डाव्या हातात देत. जेवताना तळलेली कुरडई चुरून त्यांच्या तोंडात घालत आणि आता भरवताना त्यांच्याशी बोलतही. विचारत, “खुसखुशीत झालीय ना?”

ताराकाकू मुलाकडे सोलापूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. सखू खडी फोडून परत आली, पण तिच्या नवऱ्याचा डोळा गेला होता. तिने आमच्याकडचं काम पुन्हा धरलं नाही. मुकुंदा प्राचार्य झाला, निवृत्त झाला, वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेला. मला त्याच्यावर कधी फार राग धरता आला नाही.

माई पंचाऐंशीव्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत माझ्यावर माया केली. वसुधाला तर त्यांनी जमिनीला पाय लावू दिला नाही. आणि तरी, त्यांना अग्नी दिला त्या दिवशी माझ्या मनात जे आलं ते हे: माई वस्तू लपवायच्या तर महिनोन्‌महिने सापडायच्या नाहीत. माझं मंगळसूत्र त्यांनी एकदा जपून ठेवलं, ते घरातल्या सगळ्यांनी महिनाभर शोधलं. पण तो दोर मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे, समोर टांगलेला होता. आणि त्या दुपारी मी पडल्यावर त्या झोपेतून उठून धावत आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं, वाकल्या, तेव्हा त्यांचा अंबाडा बांधलेला होता. एक केस सुटलेला नव्हता.

हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला त्या नाहीत.

वसुधाचं नाशिकला घर आहे. तिने मागच्या अंगणात तळं केलंय, पंप लावून, खेळतं पाणी ठेवून. दर वर्षी उन्हं तापायला लागली की तिचा फोन येतो. “आई, पाणी हिरवं झालं गं. सगळं काढून टाकू?” मी सांगते, निम्मं राहू दे. पानं पसरू देत. बेडकांना वीट ठेव. शेवाळ सगळं खरवडू नकोस, पिल्लं असतात त्यात.

“तुला एवढं कसं गं ठाऊक?”

“तुझ्या आजोबांनी शिकवलं.”

“किती हळवे असतील ना ते,” ती म्हणते.

मी म्हणते, “हो, माशांच्या बाबतीत फार.”

ती पितळी घंटा माईंनी तात्यांच्या तेराव्यानंतर चिंचेने घासून देवघरात परत ठेवली. ती आता मुलाच्या घरी, माझ्या देवघरात आहे. मी रोज पूजा करते, फुलं वाहते, निरांजन ओवाळते. माझ्या सुनेला वाटतं, मला म्हातारीला कानात दडे बसतात म्हणून मी ती वाजवत नाही.

मी तिला तसंच वाटू देते.